कपाटातला ड्रॅक्युला

एकाच सिनेमावर चार-चार पुस्तकं कशाला हवीत, असं घरचे विचारतात. जुन्या ब्रिटिश भयपटांवरची पुस्तकं जमवणाऱ्यांकडे याचं उत्तर तयार असतं. प्रत्येक पुस्तकात तो सिनेमा वेगळा असतो!

एका फोटोपासून सुरुवात करू या.

फोटो ख्रिस्तोफर लीचा आहे, ड्रॅक्युलाच्या वेषातला. पण नेहमीचा तो उंचापुरा, रुबाबदार काउंट नाही हा. चेहऱ्याची कातडी सडलीय, अक्षरशः बघवत नाही. १९५८ सालच्या 'ड्रॅक्युला'च्या क्लायमॅक्सचा हा फोटो हॉररच्या मासिकांमधून, पुस्तकांमधून वर्षानुवर्षं फिरत होता. गंमत म्हणजे, सिनेमा बघावा तर त्यात हे दृश्यच नाही! व्हॅन हेल्सिंग पडदा खेचून काढतो, सकाळचं ऊन आत येतं, काउंटची राख होते... पण स्वतःच्याच हाताने चेहऱ्याची कातडी ओरबाडणारा ड्रॅक्युला काही दिसत नाही. ब्रिटिश सेन्सॉरच्या कात्रीत तो केव्हाच गेला होता.

चाहते मात्र हट्टाला पेटलेले. जपानमध्ये म्हणे जास्त भयानक प्रिंट गेली होती, अशी कुजबुज सुरूच. शेवटी २०११ मध्ये टोकियोच्या नॅशनल फिल्म सेंटरमध्ये या सिनेमाची जुनी रिळं मिळाली, आगीची झळ बसलेली. त्यात तो प्रसंग होता! २०१३ मध्ये तो ब्लू-रेवर आला आणि सगळ्यांनी एकदाचा बघितला.

आता हिशेब करा. तब्बल ५५ वर्षं हा प्रसंग ब्रिटनच्या पडद्यावर नव्हता. होता तो फक्त कागदावर.

ही पुस्तकं जमवण्याचा नाद लोकांना का लागतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं जरा गंभीर आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

राणीचा पुरस्कार, समीक्षकांच्या शिव्या

आधी थोडा इतिहास. बोअर होणार नाही, प्रॉमिस!

हॅमर ही कंपनी सुरू झाली १९३४ मध्ये. नाव आलं विल्यम हाइंड्स या संस्थापकाच्या रंगभूमीवरच्या टोपणनावावरून. स्टेजवर तो 'विल हॅमर' म्हणून ओळखला जायचा. १९५१ पासून विंडसरजवळ, थेम्स नदीच्या काठी एका जुन्या बंगल्यात कंपनीने बस्तान मांडलं. तोच पुढे ब्रे स्टुडिओ झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 'एक्स' सर्टिफिकेट आलं होतं, म्हणजे सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश बंद. बाकीचे निर्माते या 'एक्स'ला घाबरायचे. हॅमरने त्याचंच मार्केटिंग केलं. १९५५ च्या 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट'मध्ये स्पेलिंगमधला पहिला 'ई' उडवून त्यांनी थेट मोठा 'एक्स' पुढे आणला. फंडा क्लिअर होता!

मग १९५७ मध्ये 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' आला. बजेट साधारण ६५,००० पौंडांचं. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, पटकथा जिमी सँग्स्टरची, पीटर कुशिंग डॉक्टर आणि ली त्याचा राक्षस. युनिव्हर्सल स्टुडिओच्या बोरिस कार्लोफचा तो सपाट कपाळाचा चेहरा कॉपीराइटमुळे वापरता येत नव्हता, म्हणून मेकअपमन फिल लीकीला नवाच चेहरा तयार करावा लागला. आणि मुख्य म्हणजे सिनेमा रंगीत होता. रक्त लाल दिसत होतं!

लंडनच्या समीक्षकांना शिसारी आली. हे किळसवाणं आहे, सिनेमाचा अपमान आहे, अशा सुरात परीक्षणं छापून आली. थिएटरबाहेर मात्र रांगा. पुढच्याच वर्षी 'ड्रॅक्युला' आला आणि हॅमरची गाडी सुसाट सुटली. अमेरिकेतून इतका पैसा आला, की १९६८ मध्ये कंपनीला 'क्वीन्स अॅवॉर्ड टू इंडस्ट्री' मिळालं. लक्षात घ्या, पुरस्कार निर्यातीबद्दल होता, कलेबद्दल नाही. म्हणजे साबण किंवा मोटारी विकणाऱ्या कंपनीला मिळावा तसा!

सिनेमे चालत होते, पण त्यांना सिनेमा म्हणून कुणी मोजत नव्हतं. ते मोजण्याचं काम पुस्तकांनी केलं.

१९७३ : एक वर्ष, दोन पुस्तकं

या कलेक्शनमधला खरा टर्निंग पॉइंट म्हणजे १९७३ साल. त्या एकाच वर्षी लंडनमध्ये दोन पुस्तकं आली. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की मजा येते.

पहिलं डेनिस गिफर्ड यांचं 'अ पिक्टोरियल हिस्टरी ऑफ हॉरर मूव्हीज'. हॅमलिनने काढलेलं, मोठ्या आकाराचं, फोटोंनी ठासून भरलेलं. ब्रिटनमधल्या एका अख्ख्या पिढीने लहानपणी चादरीखाली टॉर्च लावून वाचलेलं. गिफर्ड हे स्वतः अट्टल संग्राहक. त्याच वर्षी त्यांनी १८९५ ते १९७० पर्यंतच्या ब्रिटिश सिनेमांची भलीमोठी सूचीही प्रसिद्ध केली. पण त्यांचा जीव अडकला होता मूकपटांमध्ये आणि युनिव्हर्सलच्या कृष्णधवल जमान्यात. हॅमरच्या भडक लाल रक्ताविषयी त्यांना फारसं प्रेम नव्हतं. त्यांच्या पुस्तकात हॅमर म्हणजे जणू एका चांगल्या मैफलीनंतरचा गोंगाट.

दुसरं डेव्हिड पिरी यांचं 'अ हेरिटेज ऑफ हॉरर'. विषय १९४६ ते १९७२ पर्यंतचा इंग्लिश गॉथिक सिनेमा. पिरी तेव्हा तरुण समीक्षक होते. त्यांनी जे लिहिलं, त्याने लोकांच्या भुवया उंचावल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : अमेरिकेला जसा वेस्टर्न, तसा इंग्लंडला भयपट. हा इंग्लंडचा स्वतःचा, घरचा प्रकार आहे. त्याची मुळं अॅन रॅडक्लिफच्या कादंबऱ्यांत, मेरी शेलीच्या १८१८ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये, ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला'मध्ये आहेत. आणि टेरेन्स फिशर हा काही पाट्या टाकणारा दिग्दर्शक नाही, त्याला स्वतःची दृष्टी आहे.

आज हे वाचताना 'बरोबर आहे की, मग काय!' असं वाटतं. पण तेव्हा हे म्हणणं म्हणजे धाडस होतं. शिवाय व्हिडिओचा जमाना यायचा होता. सिनेमा पुन्हा बघायचा तर कुठेतरी तो लागण्याची वाट बघायची, अंधारात टिपणं काढायची. आपल्यासारखं पॉज करून, मागे नेऊन बघणं नाही. म्हणूनच त्या काळच्या पुस्तकांत कधीकधी एखादा प्रसंग पडद्यावर आहे त्याहून मोठा होऊन बसतो. तो आठवणीतून लिहिलेला असतो ना!

एक शेल्फ, पाच स्वभाव

नव्वदच्या दशकात व्हीएचएस घराघरांत पोचलेलं होतं आणि चादरीखाली गिफर्ड वाचणारी पोरं मोठी झाली होती. मग पुस्तकांचा पाऊस पडला. आता या विषयाचं शेल्फ लावायचं झालं तर साधारण पाच स्वभावांची पुस्तकं दिसतात.

पहिला स्वभाव अल्बमचा. मार्कस हर्न आणि अॅलन बार्न्स यांचं 'द हॅमर स्टोरी' (१९९७) हे याचं उत्तम उदाहरण. फोटो, पोस्टर्स आणि एकेका सिनेमाची सुटसुटीत माहिती. पाहुणे आले की टेबलावर ठेवावं असं.

दुसरा स्वभाव प्राध्यापकाचा. पीटर हचिंग्ज यांचं 'हॅमर अँड बियाँड' (१९९३) वाचताना थोडं सरसावून बसावं लागतं. युद्धानंतरचा ब्रिटन, तिथली पुरुषसत्ता, डॉक्टर-प्रोफेसर मंडळींचा अधिकार, हे सगळं या राक्षसांच्या गोष्टींत कसं उतरलं, ते हचिंग्ज उलगडून दाखवतात. २०१८ मध्ये ते गेले. २०२१ मध्ये पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली.

तिसरा स्वभाव कारकुनाचा, आणि हे मी कौतुकाने म्हणतेय! वेन किन्सी यांचं 'हॅमर फिल्म्स : द ब्रे स्टुडिओज इयर्स' (२००२) घ्या. शूटिंग कधी सुरू झालं, सेटवर कोण होतं, सेन्सॉर बोर्डाने स्क्रिप्ट वाचून काय आक्षेप घेतले, सगळं फायलीतल्यासारखं. एकाच गावाचा सेट वापरून 'द प्लेग ऑफ द झॉम्बीज' आणि 'द रेप्टाइल' हे १९६६ चे दोन सिनेमे पाठोपाठ कसे उरकले, हे असल्या पुस्तकांतून कळतं. काटकसर शिकावी तर हॅमरकडून.

चौथा स्वभाव घरच्या माणसाचा, म्हणजे आत्मचरित्रं. लीचं 'टॉल, डार्क अँड ग्रूसम' १९७७ चं. सँग्स्टरच्या पुस्तकाचं नावच बघा, 'डू यू वाँट इट गुड ऑर ट्यूसडे?' म्हणजे पटकथा चांगली हवीय, की मंगळवारी हवीय? डेडलाइनवर जगणाऱ्या प्रत्येकाने हे डेस्कवर चिकटवावं. पण मनाला लागतं ते कुशिंगचं. १९७१ मध्ये त्याची पत्नी हेलन गेली. तिच्या आजारपणामुळे त्याने सुरू झालेला सिनेमा सोडला होता. १९८६ चं त्याचं आत्मचरित्र वाचताना कळतं, की हा माणूस तिच्याभोवतीच जगत होता. हॅमरच्या वर्षांसाठी त्याने १९८८ मध्ये 'पास्ट फर्गेटिंग' हे वेगळं पुस्तक लिहिलं. पडद्यावर छातीत खुंट ठोकणारा हा माणूस किती हळवा होता, हे कुठल्याही अल्बममध्ये सापडत नाही.

पाचवा स्वभाव जाणत्या मित्राचा. जोनाथन रिग्बी यांचं 'इंग्लिश गॉथिक' पहिल्यांदा २००० मध्ये आलं, मग सुधारत, वाढत २०१५ च्या आवृत्तीपर्यंत पोचलं. रिग्बी स्वतः नट आहेत, त्यामुळे अभिनयाकडे त्यांची नजर बरोबर जाते. शिवाय ते हॅमरपुरते थांबत नाहीत. शेपर्टनमध्ये बसून एकाच सिनेमात चार-पाच गोष्टी सांगणारी अॅमिकस आणि 'विचफाइंडर जनरल'वाली टायगॉन या कंपन्यांनाही त्यांच्याकडे मान आहे.

तीन सिनेमांची टेस्ट

आता येते तुलना. नवं पुस्तक हातात पडलं, की मी ते पहिल्या पानापासून वाचत नाही. आधी मागची सूची उघडते आणि तीन सिनेमे शोधते.

पहिला अर्थात 'ड्रॅक्युला' (१९५८). शेवटच्या प्रसंगाबद्दल काय लिहिलंय? २०११ च्या आधीच्या पुस्तकाला टोकियोची रिळं माहीत असणंच शक्य नाही. पण बघायचं ते हे, की लेखकाने ऐकीव गोष्ट खरी म्हणून ठोकून दिलीय, की 'असं म्हणतात' एवढंच प्रामाणिकपणे लिहिलंय? लेखक किती भरवशाचा, ते या एका परिच्छेदात कळतं.

दुसरा 'पीपिंग टॉम' (१९६०). दिग्दर्शक मायकेल पॉवेल, 'द रेड शूज'सारखा देखणा सिनेमा केलेला माणूस. कॅमेऱ्यासमोर बायकांना मारून त्यांची भीती चित्रित करणाऱ्या तरुणाची ही गोष्ट. पटकथा लिओ मार्क्सची. हा मार्क्स दुसऱ्या महायुद्धात गुप्त संकेतलिपीचं काम करत होता आणि '८४, चेरिंग क्रॉस रोड'मुळे अजरामर झालेलं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं ना, त्याच्या मालकांपैकी एकाचा मुलगा होता! पुस्तकवेड्यांसाठी हा योग म्हणजे बोनसच. पण १९६० मध्ये समीक्षकांनी या सिनेमाचे असे काही वाभाडे काढले, की ब्रिटनमध्ये पॉवेलची कारकीर्दच खचली. १९७३ मध्ये पिरीने त्याच्याकडे गंभीरपणे बघितलं. १९७९ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीच्या पाठिंब्याने तो अमेरिकेत पुन्हा झळकला. आज तो मास्टरपीस म्हणून शिकवला जातो. तेव्हा पुस्तकात याला भयपट मानलंय की नाही, मानलं असेल तर किती पानं दिलीत, यावरून लेखकाची भयपटाची व्याख्या कळते.

तिसरा 'द स्ट्रँग्लर्स ऑफ बॉम्बे' (१९५९). हो, बॉम्बे! दिग्दर्शक पुन्हा फिशरच. कंपनी सरकारच्या काळातले ठग, रुमालाचा फास, कालीमातेचे भक्त, नाग-मुंगसाची लढाई, सगळा मसाला आहे. सगळं शूट झालं ते थेम्सच्या काठी. मुख्य पुजारी झालाय सायप्रसमध्ये जन्मलेला जॉर्ज पॅस्टेल. कलकत्त्यात जन्मलेला मार्न मेटलंड एका बड्या हिंदुस्थानी आसामीच्या भूमिकेत. आणि ठगांविरुद्ध स्लीमनने उघडलेल्या खऱ्या मोहिमेचं केंद्र तर जबलपूरकडे होतं. नावात बॉम्बे आलं ते बहुधा कानाला बरं वाटतं म्हणून! इथे बघायचं ते असं, की लेखकाला यात फक्त विकृत छळाचे प्रसंग दिसतात, की गोऱ्या कॅप्टनच्या नजरेतून दाखवलेला हिंदुस्थानही दिसतो? आपल्याला तो पहिल्याच रिळात दिसतो. तिकडच्या लेखकाला दिसला, तर पुस्तक घ्यायला हरकत नाही.

तीन सिनेमे, दहा मिनिटं. कळतं पुस्तक कसं आहे ते.

सुरुवात करायचीय?

* पहिलं पुस्तक रिग्बींचं घ्या. शक्यतो २०१५ ची आवृत्ती. एकातच पूर्ण नकाशा मिळतो.
* दुसरं पिरी. २००८ मध्ये 'अ न्यू हेरिटेज ऑफ हॉरर' या नावाने त्यांनी ते वाढवून पुन्हा काढलं. वाचायला नवं, जमवायला जुनं. दोन्ही मिळाली तर शेजारी ठेवा. पस्तीस वर्षांत माणसाचं मत कुठे बदललं आणि कुठे ठाम राहिलं, हे बघणं हाच एक छंद आहे.
* फक्त संदर्भासाठी एकच हवं असेल, तर हॉवर्ड मॅक्सफर्ड यांचा 'हॅमर कम्प्लीट' (२०१९) हा महाकोश. पण वजन लक्षात घ्या. परदेशातून मागवताना टपालखर्च पुस्तकाच्या वजनावर ठरतो.
* सत्तरच्या दशकातले सिनेमे आवडत असतील, तर एफएबी प्रेसचं 'टेन इयर्स ऑफ टेरर' (२००१) शोधा.
* जुनी प्रत घेताना विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. डस्ट जॅकेट आहे का? लायब्ररीतून काढलेली प्रत आहे का? आणि एखाद्या फोटोचं पान कुणी कापून नेलंय का? गिफर्डच्या बाबतीत तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लहान मुलांनी त्यावर कात्र्या चालवलेल्या असतात.
* पावसाळा सांभाळा. या पुस्तकांचा गुळगुळीत आर्ट पेपर ओल धरला की पानं एकमेकांना चिकटतात, आणि सोडवायला गेलात तर चित्रच फाटतं. भिंतीला टेकून ठेवू नका. कसर लागू नये म्हणून आजी धान्यात घालते तोच कडुलिंबाचा वाळलेला पाला इथेही ठेवून बघा.

उरलेलं अर्धं उत्तर

आता ती गंभीर गोष्ट. या पुस्तकांच्या तारखा आणि माणसांच्या तारखा शेजारी लिहून बघा.

टेरेन्स फिशर गेले १९८० मध्ये. पिरीचं पुस्तक सात वर्षं आधी आलं होतं. म्हणजे ज्या सिनेमांना आयुष्यभर नाकं मुरडली गेली, त्यांच्याबद्दल कुणीतरी आदराने लिहिलंय, हे त्यांच्या हयातीत घडलं. मायकेल पॉवेल १९९० पर्यंत जगले, त्यांना 'पीपिंग टॉम'चं पुनरागमन बघायला मिळालं. 'विचफाइंडर जनरल' करणारा मायकेल रीव्हज मात्र फेब्रुवारी १९६९ मध्ये गेला, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी. त्याच्या सिनेमाला ब्रिटिश समीक्षकांनी झोडपलं होतं. पिरीने त्याच्यावर जे भरभरून लिहिलं, ते वाचायला तो नव्हता. पुस्तक चार वर्षं उशिरा आलं.

आपल्याकडे काय? मुंबईच्या रामसे बंधूंनी १९७२ मध्ये महाबळेश्वरला मुक्काम ठोकून 'दो गज जमीन के नीचे' केला. कमी पैसे, घरचीच माणसं, पुन्हा पुन्हा वापरलेली जागा, सगळं हॅमरच्या वळणाचं. १९९० च्या 'बंद दरवाजा'मध्ये तर काळ्या झग्यातला आपला देशी ड्रॅक्युलाच होता. आपणही ते सिनेमे चोरून बघितले आणि चारचौघांत हसलो. शाम्य दासगुप्ता यांचं 'डोन्ट डिस्टर्ब द डेड' हे रामसेंवरचं पुस्तक आलं २०१७ मध्ये. तुलसी रामसे २०१८ च्या डिसेंबरमध्ये गेले, श्याम रामसे २०१९ च्या सप्टेंबरमध्ये. थोडक्यात वाचलो म्हणायचं. वर्ष-दोन वर्षं उशीर झाला असता, तर विचारायला माणसंच नसती.

म्हणून माझ्या कपाटात रामसेंचं पुस्तक वेगळ्या खणात नाही. ते पिरी आणि रिग्बीच्या मध्ये उभं आहे. त्याच्या बाजूला थोडी जागा रिकामी ठेवलीय. दुसरं कुणीतरी लिहील, मग दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघता येतील.